एका विडीपुरतं

लूम भंगारात गेले त्या दिवशी
यांनी घरी दोनच गोष्टी आणल्या,
हिशोबाचा चुरगळलेला कागद
आणि सुताच्या कचऱ्यात जन्मलेलं पिल्लू.
नाव आधीच ठरलेलं : कांडी.

पहिल्या आठवड्यात कांडीनं काय काय खाल्लं ते सांगते.
माझी डावी चप्पल. उजवीला तोंड नाही लावलं.
चादरीची झालर, रेशनकार्डाचा कोपरा,
गुंडेटीबाईंच्या नातवाचा मोजा,
आणि भिजवलेल्या पानांची वरची चळत.
मग मी तंबाखूचं सूप फळीवर चढवलं.
निम्मं शिक्षण तिथंच झालं. माझं.

विडी घरकुलात सल्ल्याला तोटा नाही,
पाणी तेवढं पाच दिवसांआड.
गुंडेटीबाई म्हणाल्या, खुर्चीच्या पायाला चटणी लावा की ओ.
घरात शेंगाचटणी होती, ती लावली.
चाटून चाटून पाय चकचकीत.
म्हेत्रेमामा म्हणाले, पेपरची गुंडाळी करून हाणा.
हाणली एकदाच.
तेव्हापासून पेपरवाला आला
की ही कपाटाखाली जाऊन मुतायची.

जनावरांच्या दवाखान्यात बिराजदार डॉक्टरीणबाईंनी
हिरड्या बघितल्या.
दात येतायत, चावणारच.
तिचं म्हणून काहीतरी द्या चावायला.
जुना टॉवेल ओला करा, पीळ द्या,
माठाला गुंडाळून ठेवा रात्रभर.
अंगावर उडी मारली तर पाठ फिरवा,
चारी पाय जमिनीवर टेकले की मग बोला तिच्याशी.
आणि बरोबर वागली तर त्याच घटकेला सांगा,
संध्याकाळी सांगून उपयोग नाही.

हे मला नवीन होतं.
कारखान्यात तीस वर्षं
मला फक्त छाट मोजून दाखवलीय.
नीट वळलेली एक विडी उचलून
कुणी म्हणालं नाही, ही बघा.

मी माल द्यायला निघाले की ही गल्ली डोक्यावर घ्यायची.
बाई म्हणाल्या, रडायच्या आत परत या.
म्हणजे किती वेळात?
घड्याळाची मला सवय नाही.
सूप घेऊन दाराबाहेर बसले,
एक विडी वळली, आत आले.
कांडी दारातच. गप्प.
कडक भाकरीचा तुकडा दिला, लाड नाही केले.
मग दोन विड्या. मग पाच.
दहाव्या विडीला तिनं दार खरवडलं,
परत तीनवर आले.
लोकांना वाटलं, उन्हानं हिचं डोकं फिरलं,
चव्वेचाळीस डिग्रीत उंबऱ्याबाहेर बसते.
ज्या दिवशी अख्खा कट्टा झाला, पंचवीस,
त्या दिवशी फटीतून बघितलं तर
फरशीवर पाय फाकून झोपलेली.

रात्रीचं तेवढं राहिलं.
दोन वाजले की उठायची,
भिंतीकडे तोंड करून भुंकायची.
भिंतीवर पालसुद्धा नाही.
बाईंनी विचारलं, रात्री आवाज कसला येतो?
म्हटलं, कसलाच नाही.
त्या म्हणाल्या, मग तेच असेल.

घरी येऊन यांना सांगितलं.
हे काही बोलले नाहीत.
तसेही हे दोनला जागेच असतात,
भुंकत नाहीत एवढंच.

दोनच गोष्टी आणल्या असं मी वर म्हटलं.
तिसरी मला त्या रात्री कळली.
गादीखालून यांनी धोटा काढला,
टोकाचं पितळ घासून पिवळंधमक,
आणि खाटेच्या दांडीवर हळू,
इकडून खट, तिकडून खट.
कांडीनं एक कान पाडला.
बऱ्याच वेळानं दुसरा.

मग हात थांबला.
मी अंधारात वाट बघत पडले,
आता कोण आधी उठतंय.

पहाटे चारला नळ आला.
घागर न वाजवता भरली.